मिस्सात सेवा करायचीय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी रविवारच्या मिस्सात (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) बायबलमधलं वाचन करते, नंतर कम्युनियन (ख्रिस्ताचं शरीर म्हणून मिळणारी पवित्र भाकर) द्यायची सेवा मिळाली, आणि आता कोणी कधी यायचं त्या यादीचं कामही माझ्याकडेच आहे. त्यामुळे मिस्सा संपली की दाराशी कोणी ना कोणी थांबवून काहीतरी विचारतंच, आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढावं. काही नियम सगळ्या चर्चला सारखे आहेत, काही गोष्टी प्रत्येक धर्मप्रांतात (एका बिशपांच्या हाताखालचा प्रदेश) वेगळ्या असतात, तिथे तुमच्या फादरांचा शब्द शेवटचा.

आम्ही साधी प्रापंचिक माणसं (म्हणजे धर्मगुरू वगैरे नसलेली), वेदीजवळ आमचं काय काम? फादरांना हात कमी पडतात म्हणून बोलावतात का?

मदत होते हे खरंच, पण कारण ते नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांची रोममधली सभा) उपासनेवरचा दस्तऐवज 4 डिसेंबर 1963 ला काढला, त्यात स्पष्ट म्हटलंय की उपासनेत पूर्णपणे, समजून उमजून आणि सक्रियपणे भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, आणि ते बाप्तिस्म्यामुळे मिळालेलं आहे. म्हणजे फादरांनी उदार होऊन आपल्याला काहीतरी दिलं असं नाहीये. त्याच दस्तऐवजात आणखी एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती अशी की ज्याच्याकडे जे काम आहे त्याने ते पूर्ण करावं आणि फक्त तेवढंच करावं. वाचकाने वाचावं, कॉयरने गावं, धर्मगुरूंनी धर्मगुरूंचं करावं. पुढच्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं याच एका वाक्यात आहेत.

आणि हेही सांगते, सक्रिय भाग घेणं म्हणजे पुढे जाऊन काहीतरी करणंच असं नाही. शेवटच्या बाकावर बसून मन लावून ऐकणारी, उत्तरं देणारी, गाणारी आजीसुद्धा पूर्ण सहभागी असते.

कुठकुठल्या सेवा असतात?

वाचक, स्तोत्र गाणारा, कॉयर आणि वादक, वेदीसेवक, कम्युनियन देणारे, दाराशी स्वागत करणारे आणि जागा दाखवणारे, कलेक्शन घेणारे, सॅक्रिस्टी (मिस्साचं सामान ठेवायची खोली) सांभाळणारे, काही ठिकाणी विधी समजावून सांगणारा कॉमेंटेटर, मोठ्या सणांना सगळ्या विधीवर लक्ष ठेवणारा एक जण. शिवाय फुलं, साफसफाई, साउंड सिस्टीम. या शेवटच्यांचं नाव कोणी घेत नाही पण माईक बंद पडला की देवाचं वचनच लोकांपर्यंत पोचत नाही, म्हणून मी त्यांना सेवकांतच धरते.

मी काही फार धार्मिक नाही, मी लायक आहे का?

हा प्रश्न विचारणारी माणसं बहुतेक वेळा चांगली सेवा करतात असा माझा अनुभव आहे. कम्युनियनच्या आधी आपण सगळेच म्हणतो ना की प्रभो मी योग्य नाही, ते फादरही म्हणतात. लायकी सिद्ध करून कोणी येत नाही. पण एक मात्र हवं, आपण स्वतः नेमाने मिस्साला येत असलो पाहिजे, नुसतं आपली पाळी असेल त्या रविवारी नाही. ज्या दिवशी नाव यादीत नाही त्या दिवशी न दिसणारा सेवक लोकांच्या लगेच लक्षात येतो.

कोणाला सेवा करता येते? वयाची अट काय?

वेदीसेवकांना सगळीकडे लागू असलेली वयाची अट नाही, पहिलं कम्युनियन झालेली मुलं साधारणपणे घेतात. वाचकाला बऱ्याच ठिकाणी दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणारा संस्कार) झालेलं असावं असं म्हणतात. कम्युनियन देणाऱ्यांचं वय धर्मप्रांत ठरवतो.

घरात लग्नाचा गुंता आहे, चर्चमध्ये लग्न झालेलं नाही किंवा घटस्फोटानंतर दुसरं लग्न झालंय, अशी माणसं फार संकोचाने विचारतात. त्यांना मी एकच सांगते, फादरांना एकटं भेटा आणि मोकळेपणाने बोला. जो कम्युनियन देणार तो स्वतः कम्युनियन घेऊ शकणारा असावा लागतो हे खरं, पण त्यामुळे चर्चमधली सगळीच दारं बंद होतात असं समजून कोणी घरी बसू नये. आणि आपण बाकीच्यांनी त्याविषयी चर्चा करू नये, ती आपली बाब नाही.

दुसऱ्या चर्चचे ख्रिस्ती बंधुभगिनी आपल्या मिस्सात वाचन करू शकतात का असंही विचारतात. सर्वसाधारणपणे नाही, मिस्सातलं वाचन कॅथलिकाने करायचं असतं, काही खास प्रसंगी बिशप परवानगी देऊ शकतात.

मुली आणि बायकांना सगळ्या सेवा करता येतात का?

हो, पण इथवर यायला वेळ लागला. 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी धर्मगुरू होण्याच्या वाटेवरची जुनी छोटी पदं काढून टाकली आणि वाचक आणि अ‍ॅकोलाईट (वेदीजवळ मदत करणारा) अशा दोन सेवा ठेवल्या, त्या प्रापंचिकांना देता येतील असं ठरलं, पण विधिपूर्वक नेमणूक फक्त पुरुषांची. प्रत्यक्षात बायका वाचन करतच होत्या, पण तात्पुरती सोय म्हणून. मुलींनी वेदीसेवक व्हायचं की नाही हे बिशपांनी ठरवावं असं रोमने 1994 मध्ये कळवलं. मग 10 जानेवारी 2021 ला पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या कायद्यातलं कलम 230 बदललं, त्यातला पुरुष हा शब्द काढला, आणि आता बायकांचीही वाचक आणि अ‍ॅकोलाईट म्हणून कायमची, विधिपूर्वक नेमणूक होऊ शकते. ही बातमी वाचली त्या दिवशी मला किती बरं वाटलं ते मी इथे सांगत बसत नाही.

मग "नेमलेला" वाचक आणि यादीत नाव असलेला वाचक यांच्यात फरक काय?

नेमलेल्या वाचकावर बिशप विधी करतात आणि ती सेवा आयुष्यभराची असते, तयारीही मोठी असते. आपल्यापैकी बहुतेक जण नेमलेले नसतात, गरजेप्रमाणे फादरांनी सांगितलेले असतात. वाचन मात्र तेच, वचन तेच, त्यामुळे तयारीत सूट नाही.

वाचनाची तयारी कशी करायची? मला वाचता येतं की.

वाचता येणं आणि घोषणा करणं यात फार फरक आहे हो. मी काय करते ते सांगते, तेच बरोबर असं नाही. सोमवारीच पुढच्या रविवारची वाचनं काढते, आपलं वाचन बायबलमध्ये उघडून त्याच्या आधीचं पान आणि नंतरचं पान वाचते, कारण मिस्सात आपल्याला मधला तुकडा मिळतो आणि कोण कोणाला बोलतंय हेच कळलं नाही तर आवाजात ते येणार कुठून. मग त्या दिवसाचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा वृत्तान्त) वाचते, कारण साधारण काळातल्या (सणांचे खास काळ सोडून उरलेल्या वर्षातल्या) रविवारी पहिलं वाचन शुभवर्तमानाशी जोडून निवडलेलं असतं आणि तो धागा सापडला की कुठल्या वाक्यावर थांबायचं ते आपोआप समजतं. दुसरं वाचन त्या दिवसांत आपल्या क्रमाने चालू असतं, एकच पत्र आठवडेच्या आठवडे, त्यामुळे तिथे ओढूनताणून धागा शोधू नका. बुधवार-गुरुवारपासून रोज एकदा मोठ्याने. मनात नाही, मोठ्याने, उभं राहून. मनात वाचताना मलकीसदेक हे नाव सहज जातं, तोंडाने म्हणताना अडतं. आणि पेन्टेकॉस्टच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या) दिवशी पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया ही सगळी यादी ज्याच्या वाट्याला येते त्याने तर आठवडाभर रोज म्हणावी.

पौलाची पत्रं सगळ्यात अवघड असं माझं मत आहे. वाक्यं लांबलचक असतात आणि क्रियापद कुठल्या कुठे जातं. तिथे एका वाक्यातला मुख्य शब्द शोधायचा, बाकी सगळं त्याच्याभोवती. सावकाश वाचा, तुम्हाला वाटतं त्यापेक्षाही सावकाश, कारण ऐकणाऱ्याच्या हातात पुस्तक नाही. नाटकी आवाज काढू नका, पण रडक्या एकसुरी आवाजातही नको, ती आनंदाची बातमी आहे.

रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात येतात, पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान मधूनमधून, खास करून ईस्टरच्या काळात. आडवारची (रविवार सोडून इतर दिवसांची) पहिली वाचनं साधारण काळात दोन वर्षांची. म्हणून मिस्साच्या आधी जाऊन पुस्तकात पान बरोबर लावलंय का ते स्वतः बघायचं. मी एकदा वर गेले आणि समोर भलत्याच वर्षाचं वाचन उघडं होतं, मी तयारी केलेलं नव्हतंच ते, कसंबसं वाचून खाली आले आणि पूर्ण मिस्सा मला स्वस्थ बसवलं नाही. तेव्हापासून पंधरा मिनिटं आधी पोचून पान बघितल्याशिवाय मी बाकावर बसत नाही.

मोबाईलवर बघून वाचलं तर चालेल का?

तयारी खुशाल मोबाईलवर करा. वाचनपीठावर मात्र पुस्तकच, सुटा कागदही नको. देवाचं वचन ज्यातून येतं ती वस्तू लोकांना दिसते आणि ती जपलेली दिसली पाहिजे.

"पहिलं वाचन" असं म्हणायचं का? आणि लाल अक्षरातलं?

लाल अक्षरं म्हणजे सूचना, त्या वाचायच्या नाहीत. "पहिलं वाचन" हे शीर्षक आहे, वर दिलेली सारांशाची ओळ पण वाचायची नाही. थेट कुठल्या ग्रंथातून वाचन ते सांगायचं आणि सुरू करायचं. वाचन झालं की शेवटच्या घोषणेआधी एक श्वासभर थांबा, लोकांच्या डोळ्यांकडे बघा आणि मग म्हणा. वाचून झाल्यावर थोडी शांतता ठेवायची असते, ती नियमातच आहे, स्तोत्रवाल्याने लगेच उडी मारायची नाही.

एकच वाचन दोघांनी वाटून घेतलं तर? दोन्ही मुलांना संधी मिळेल.

हे दर फर्स्ट कम्युनियनच्या वेळी विचारतात. वेगवेगळी वाचनं वेगवेगळ्या वाचकांना देता येतात, पण एकच वाचन तुकडे करून दोघांत वाटायचं नाही. अपवाद फक्त प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त, जो झावळ्यांच्या रविवारी आणि गुड फ्रायडेला वाचतात, तिथे प्रापंचिक वाचकही भाग घेतात आणि ख्रिस्ताचे शब्द शक्यतो धर्मगुरूंकडे ठेवतात.

शुभवर्तमान आम्ही का नाही वाचायचं? आणि प्रवचन?

मिस्सात शुभवर्तमान डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पदावरचे दीक्षित सेवक) वाचतात, ते नसतील तर धर्मगुरू. प्रवचन चर्चच्या कायद्यानुसार धर्मगुरू किंवा डीकन यांच्यासाठीच राखून ठेवलेलं आहे, कलम 767. प्रापंचिक माणूस कितीही शिकलेला असो. साक्ष द्यायची असेल, काही सांगायचं असेल तर त्याला दुसऱ्या जागा आहेत, मिस्साच्या बाहेर तर भरपूर. ज्याचं जे काम ते त्याने, हे मघाचंच.

स्तोत्र वाचलं तर चालत नाही का, कॉयर कशाला?

चालतं, पण स्तोत्र हे मुळात गाणं आहे, निदान लोकांचा प्रतिसाद तरी गावा. ते वाचनपीठावरून म्हणायचं कारण तेही देवाचं वचनच आहे, त्याच्या जागी कुठलंही आवडतं भक्तिगीत घालायचं नाही.

कॉयरबद्दल मी थोडं स्पष्ट बोलते. सुंदर गाणारं कॉयर असेल तर मन वर उचललं जातं, मी स्वतः कितीदा डोळे पुसलेत. पण कॉयर लोकांना गायला लावण्यासाठी आहे, लोकांच्या ऐवजी गाण्यासाठी नाही. "पवित्र पवित्र पवित्र" हे गीत तर सगळ्या लोकांनी धर्मगुरूंबरोबर म्हणायचं असतं, ते चार भागांत इतकं अवघड बसवलं की लोक नुसते उभे राहून ऐकतात तर काहीतरी हरवतं. नवीन चाल आणायची असेल तर मिस्साच्या आधी पाच मिनिटं लोकांना शिकवा, पट्टी जरा खाली घ्या. उपवासकाळात ऑर्गन आणि इतर वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवायची असतात, त्या काळातला चौथा रविवार, सण आणि महोत्सव सोडून. आणि ते ऐकू येतं बरं का, चाळीस दिवसांचा तो साधेपणा ईस्टरच्या रात्री जेव्हा सुटतो तेव्हा.

विश्वासूंच्या प्रार्थना कोणी लिहायच्या?

आधी लिहून फादरांना दाखवायच्या. क्रम साधारण असा की चर्चसाठी, राज्य चालवणाऱ्यांसाठी आणि जगासाठी, संकटात असलेल्यांसाठी, मग आपल्या समुदायासाठी. छोट्या ठेवा. प्रार्थनेच्या आडून प्रवचन देऊ नका आणि कोणाला टोमणा तर अजिबात नको.

माझ्या मुलाला वेदीसेवक व्हायचंय, त्याला काय काय करावं लागेल?

क्रूस आणि मेणबत्त्या घेऊन मिरवणुकीत चालणं, मिस्साचं पुस्तक धरणं, अर्पणाच्या वेळी पाणी आणि द्राक्षरस देणं, फादरांच्या हातावर पाणी घालणं, घंटा वाजवणं, मोठ्या सणाला धूपदान. ऐकायला सोपं, पण मूल एक तास लक्ष देऊन, हात जोडून, इकडेतिकडे न बघता उभं राहतं तेव्हा त्याच्यात काहीतरी घडतं हे मी खूप मुलांमध्ये बघितलंय.

काही बारीक गोष्टी ज्या शिकवायच्या राहून जातात. हातात क्रूस किंवा मेणबत्ती असेल तर गुडघा टेकायचा नाही, फक्त डोकं झुकवायचं. टॅबरनॅकल (उरलेलं कम्युनियन ठेवायची पेटी) वेदीच्या परिसरात असेल तर येताना आणि जाताना गुडघा टेकायचा, मिस्सा चालू असताना दर खेपेला नाही. पवित्र गुरुवारी गौरवगीताला (ग्लोरिया) घंटा वाजतात आणि मग ईस्टरच्या रात्रीच्या गौरवगीतापर्यंत गप्प, हे मुलांना आधी समजावून सांगा, का ते सांगा, त्यांना फार आवडतं. धूपदानातला कोळसा आधीच पेटवून ठेवावा लागतो, तो नीट लाल झाला नसेल तर धूप टाकल्यावर नुसता विझतो.

वेदीसेवकांचे आश्रयदाते संत तार्सिसियस, रोममध्ये तिसऱ्या शतकात कम्युनियन घेऊन जाताना ते जपण्यासाठी त्यांनी जीव दिला अशी परंपरा आहे. ही गोष्ट सांगितली की मुलं शांत होतात.

आईवडिलांसाठी आणखी एक. मुलांच्या ग्रुपबरोबर नेहमी एकापेक्षा जास्त मोठी माणसं असावीत, कोणीही एकटं एका मुलाला बंद खोलीत घेऊन बसू नये, मग ती व्यक्ती कोणीही असो. तुमच्या धर्मप्रांताचे बालसुरक्षेचे नियम मागून घ्या आणि वाचा. विचारायला लाजू नका, विचारलंच पाहिजे.

"युकॅरिस्टिक मिनिस्टर" म्हणजे कोण?

हे नाव तोंडात बसलंय पण बरोबर नाही. बिशप, धर्मगुरू आणि डीकन हे कम्युनियनचे नेहमीचे सेवक. आपण प्रापंचिक जे देतो ते एक्स्ट्राऑर्डिनरी मिनिस्टर, इथे एक्स्ट्राऑर्डिनरी म्हणजे खास किंवा वरचे नव्हे, तर नेहमीचे सेवक पुरेसे नसतील तेव्हाचे. ही सोय 1973 पासून सगळ्या चर्चला मिळाली. म्हणजे धर्मगुरू पुरेसे आहेत आणि रांग छोटी आहे त्या दिवशी आपण बाकावर बसून राहिलो तर त्यात अपमान काही नाही.

प्रत्यक्षात असं की धर्मगुरूंनी स्वतः कम्युनियन घेतल्यावरच आपण वेदीजवळ जायचं. आपल्याला कम्युनियन धर्मगुरू देतात, आपण स्वतःच्या हाताने उचलून घ्यायचं नाही, आणि भांडंही त्यांच्याच हातून घ्यायचं, वेदीवरून उचलायचं नाही. मग समोरच्याच्या डोळ्यांपुढे होस्ट (कम्युनियनची पातळ गोल भाकर) थोडा वर धरून "ख्रिस्ताचं शरीर" म्हणायचं, त्याचं "आमेन" ऐकायचं, आणि मगच द्यायचं. नाव घेऊन नाही, स्वतःचे शब्द घालून नाही. घाई करू नका. त्या "आमेन"साठी कोणी काय काय ओझं घेऊन रांगेत उभं राहिलेलं असतं ते आपल्याला माहीत नसतं.

जिभेवर घ्यायचं की हातावर, जिथे हातावर द्यायला परवानगी आहे तिथे हे घेणारा ठरवतो, देणारा नाही. आपल्याला सोयीचं म्हणून कोणाला हात पुढे करायला लावू नका.

होस्ट खाली पडला तर?

घाबरायचं नाही आणि ओरडायचं नाही. आदराने उचलायचा, तो दुसऱ्याला द्यायचा नाही, आपण घ्यायचा किंवा फादरांकडे द्यायचा. चॅलिसमधलं (द्राक्षरसाच्या पेल्यातलं) सांडलं तर ती जागा पाण्याने धुवायची आणि ते पाणी सॅक्रिस्टीतल्या साक्रारियम नावाच्या खास मोरीत ओतायचं, म्हणजे ते थेट जमिनीत जातं, गटारात नाही. भांडी शुद्ध करणं हे धर्मगुरू, डीकन किंवा नेमलेल्या अ‍ॅकोलाईटचं काम आहे, आपलं नाही.

ग्लुटेनचा त्रास असलेल्यांना काय द्यायचं?

होस्ट गव्हाचाच लागतो, त्यामुळे पूर्ण ग्लुटेनमुक्त होस्ट चालत नाही, पण अगदी कमी ग्लुटेनचे चालतात. ते वेगळ्या भांड्यात ठेवायचे आणि बाकीच्यांना हात लावलेल्या बोटांनी द्यायचे नाहीत. तेही जमत नसेल तर फक्त चॅलिसमधून कम्युनियन घेता येतं आणि ते पूर्णच असतं, अर्धं नाही. त्या माणसाला दर आठवड्याला सगळ्यांसमोर आठवण करून द्यायची वेळ येऊ देऊ नका, आधीच लक्षात ठेवा.

आजारी माणसांना घरी कम्युनियन नेताना काय सांभाळायचं?

मला सगळ्यात प्रिय सेवा ही. पिक्समध्ये (कम्युनियन न्यायची छोटी डबी) घेतलं की थेट त्या घरी जायचं, वाटेत बाजारहाट नाही, गाडीत ठेवून दुसरीकडे जाणं नाही, रात्रभर घरी ठेवणं तर नाहीच. वाटेत फोन बंद, मनात प्रार्थना. जाण्याआधी घरच्यांना वेळ कळवा, म्हणजे ते टेबलावर स्वच्छ कापड आणि मेणबत्ती ठेवतात. एक बाई, खूप वर्षं अंथरुणावर, मी जायच्या आधी सुनेकडून केस विंचरून घेऊन, नवी साडी अंगावर टाकून वाट बघत असायच्या. त्यांच्याकडून मी मिस्साची तयारी म्हणजे काय ते शिकले.

कम्युनियनच्या आधीचा एक तासाचा उपवास वृद्ध आणि आजारी माणसांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना लागू नाही, सुनेलाही कम्युनियन घ्यायचं असेल तर तिला हे सांगा, तिच्याकडे दुर्लक्ष होतं नेहमी. छोटंसं वाचन करा, रविवारच्या प्रवचनातलं एखादं वाक्य सांगा, पाच मिनिटं बसून ऐका. आजाऱ्याचा तैलाभ्यंग संस्कार (पवित्र तेल लावून देतात तो) आपण देऊ शकत नाही, तो फक्त धर्मगुरू देतात, पापांगीकारही (पापं कबूल करणं) त्यांच्याकडेच. म्हणून तब्येत ढासळतेय असं दिसलं तर त्याच दिवशी फादरांना कळवा, पुढच्या आठवड्याची वाट बघू नका.

दाराशी उभं राहणं ही पण सेवा आहे का?

आहे, मिस्साच्या सूचनांमध्ये तिचा उल्लेखच आहे. नवीन माणूस चर्चमध्ये पहिला चेहरा फादरांचा नाही, तुमचा बघतो. रडणाऱ्या बाळाच्या आईला रागाने बघू नका, तिला सोयीची जागा दाखवा. व्हीलचेअरला वाट मोकळी ठेवा. आणि कलेक्शनचे पैसे कधीही एकट्याने मोजू नका, निदान दोघं, ते संशयासाठी नाही तर मोजणाऱ्याच्याच बचावासाठी असतं. गोळा केलेले पैसे वेदीवर ठेवायचे नाहीत, बाजूला योग्य जागी.

मला पुढे यायला आवडत नाही, मागे राहून काही करता येईल?

सॅक्रिस्टी. पुस्तकांची पानं लावणं, होस्ट किती लागतील त्याचा अंदाज, द्राक्षरस, पाणी, कपडे, मेणबत्त्या. मेणबत्त्या वेदीवर किंवा वेदीजवळ निदान दोन, चार किंवा सहाही चालतात, आणि धर्मप्रांताचे बिशप स्वतः मिस्सा करत असतील तर सात. कपड्यांचा रंग त्या दिवसाचा कुठला ते बघायचं. वेदीवरची कापडं धुताना पहिलं पाणी साक्रारियममध्ये, मग नेहमीसारखं धुवायचं. हे सगळं कोणाला दिसत नाही, दिसतं ते फक्त चुकलं तेव्हा.

एकाच मिस्सात दोन-तीन सेवा केल्या तर?

माणसंच नसतील तर करा, देवाचं काम अडू नये. पण माणसं बसलेली असताना एकच जण वाचतोय, तोच गातोय, तोच कम्युनियन देतोय, तर बाकीच्यांना वाटतं की हे त्या चार घरांचं काम आहे. यादी बनवताना मी हे मुद्दाम टाळते आणि त्यावरून मला बोलणी पण बसलीत, पण माझं मत बदललेलं नाही.

मानधन मिळतं का?

या सेवेमुळे पगाराचा हक्क मिळत नाही, कायद्यात तसं लिहिलंय. पण पुस्तकं, शिबिराची फी, पिक्स हा खर्च गरीब सेवकाच्या खिशातून जाऊ नये.

चूक झाली तर?

होते. माईकमधून माफी मागत बसू नका, तो शब्द पुन्हा म्हणा आणि पुढे चला. मिस्सा चालू असताना कोणी कोणाला हातवारे करून चूक दाखवू नये, नंतर एकटं गाठून, प्रेमाने सांगावं. मुलांना तर फारच जपून. वेदीजवळ सगळ्यांदेखत ओरडा खाल्लेलं मूल पुढच्या रविवारी येत नाही आणि कधीकधी मग मोठं झाल्यावरही येत नाही.

माझी पाळी आहे आणि जमणार नाही, काय करू?

कळल्याबरोबर बदली माणूस स्वतः शोधा, त्याचा होकार घ्या, मग यादीवाल्याला कळवा. मिस्साच्या दहा मिनिटं आधी आलेला मेसेज कोणी बघत नाही, त्या वेळी फोन पिशवीत असतो.

सेवा करताना माझी प्रार्थनाच होत नाही, सगळं लक्ष कामात. मग मिस्सा मिळाली का मला?

हा प्रश्न कमी जण विचारतात पण मनात खूप जणांच्या असतो, माझ्याही होता. सुरुवातीची वर्षं मी वाचन होईपर्यंत घाबरलेली आणि झाल्यावर ते कसं झालं याचा विचार करत असायचे, शुभवर्तमान कानावरून जायचं. एका वयस्कर वाचकाने मला सांगितलं की तू मोकळी नाहीस कारण तू तयारी मिस्सात करतेयस, ती घरी करून ये. खरंच होतं. सोमवारपासून ते वचन तोंडात घोळवलेलं असेल तर रविवारी तुम्ही ते म्हणत असता आणि त्याच वेळी ऐकतही असता, कॉयरचं तसंच, सॅक्रिस्टीवाल्याने पंधराऐवजी तीस मिनिटं आधी येऊन सगळं मांडलं की तो घंटेनंतर इतरांसारखाच गुडघ्यावर. काम सांभाळून उरलेल्या वेळात प्रार्थना करायची असं नाही, नीट केलेलं ते कामच तुमची प्रार्थना आहे. तरी महिन्यातून एखाद्या रविवारी काहीच सेवा न घेता घरच्यांबरोबर बाकावर बसा, त्याची गरज असते.

सुरुवात कशी करू?

फादरांना किंवा यादी सांभाळणाऱ्याला मिस्सा संपल्यावर भेटा, आपल्याला काय जमेल ते सांगा. पहिल्यांदा आडवारच्या मिस्सात वाचन मागा, तिथे लोक कमी असतात आणि वाचन बहुतेक एकच असतं. रिकाम्या चर्चमध्ये माईकपुढे एकदा उभं राहून बघा, कोणाला तरी शेवटच्या बाकावर बसवा आणि विचारा की ऐकू येतंय का.

खूप वर्षं झाली, आता थांबावंसं वाटतं. थांबलं तर देवाला नाही म्हटल्यासारखं होईल का?

नाही हो. आवाज थकतो, गुडघे थकतात, घरी आजारपण येतं. फादरांना सांगून थांबा, अचानक गायब होऊ नका. जायच्या आधी एका नवीन माणसाला बरोबर घ्या, एक-दोन महिने त्याच्या शेजारी बसा, पान कसं शोधायचं, माईक किती लांब ठेवायचा, कुठल्या पायरीवर पाय अडकतो ते दाखवा, मग पुस्तक त्याच्याकडे द्या.